हायड्रोफॉइलवरून पडल्यावर बोर्ड हाती का लागत नाही: कमी-जास्त होणाऱ्या वाऱ्यातले उपाय

काइटच्या ओढीने चालणाऱ्या बोर्डाखाली हायड्रोफॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाला पाण्यात चालणारे पंख, लावणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते. "फॉइलवर उभं राहता येतं, सरळ रेषेत लांबवर जाताही येतं. पण पडलो की खेळ संपला. बोर्ड वर राहतो, मी खाली वाहत जातो, आणि बोर्ड शोधेपर्यंत काइट पाण्यात." ट्विनटिपवर (फॉइल नसलेल्या साध्या सपाट बोर्डावर) हात बसलेला माणूस ही तक्रार घेऊन येतो, तेव्हा निदानही स्वतःच सांगतो: माझं बॉडीड्रॅग (बोर्डाशिवाय, काइटच्या ओढीने पाण्यातून सरकणं) कच्चं आहे. क्वचितच ते खरं असतं. खोट बहुधा दोन ठिकाणी सापडते. एक म्हणजे पडल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार सेकंदांत नजर कुठे गेली. दुसरी त्याच्याही आधीची: किनाऱ्यावर कोणता काइट फुगवला.

पुढे पाण्यावरची दिशा सांगताना "वर" म्हणजे जिकडून वारा येतो ती बाजू आणि "खाली" म्हणजे वारा जातो ती. सगळं लिहिलंय ते फुगवायच्या नळीच्या काइटबद्दल. शर्यतीवाले पॅराग्लायडरसारखे बिननळीचे काइट वापरतात, त्यांचं पाण्यातलं वागणं वेगळं.

उदाहरणाला मोरजी-आश्वेचा किनारा घेतो, कारण पडता-चढता वारा शिकायला तो चांगला आहे. गोव्यात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत सकाळी जमिनीकडून मतलई वाहतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, साधारण वायव्येकडून. तो बऱ्याचदा १०-१२ नॉटचा असतो, कधी थोडा वर जातो आणि सूर्य कलला की विरत जातो. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे वायव्येचा वारा तिरका, किनाऱ्याकडे ढकलणारा. ही जमेची बाजू. त्याच वेळी तो तुम्हाला दक्षिणेला, शापोरा नदीच्या मुखाकडेही ढकलतो, आणि तिथे ओहोटीचं पाणी बाहेर, समुद्राकडे ओढत असतं. म्हणून पडल्यावर घालवलेली प्रत्येक मिनिट कुठल्या दिशेला खर्च होतंय, हे इथे लक्षात ठेवावं लागतं.

पडलं की काइट का मरतो

धावता बोर्ड स्वतःचा वारा तयार करतो. समजा खरा वारा १० नॉट आहे आणि तुम्ही त्याला आडवे १५ नॉटने चालला आहात. मग तुम्हाला आणि काइटला लागणारा वारा दोन्हींचा मिळून होतो, सुमारे १८ नॉट. काइटची ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गात बदलते. पडलात, बोर्ड थांबला, की हा वारा क्षणात पुन्हा १० वर येतो आणि ओढ एक-तृतीयांशाखाली जाते. नेमकी त्याच वेळी झुळूक मंदावून ७ नॉटवर आली तर आधीच्या ओढीच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी उरते. काइट आकाशात फिरत ठेवला तर तो थोडा वारा स्वतः कमावतो, पण डोक्यावर स्थिर ठेवलेल्या काइटला तेवढंही मिळत नाही.

ट्विनटिपवाल्याला हा धक्का जाणवत नाही, कारण मुळात तो जास्त वाऱ्यात, मोठा काइट घेऊन, कमी वेगाने चाललेला असतो. फॉइलची गंमतच अशी की थोड्या वाऱ्यात छोट्या काइटवर ते सुसाट जातं. ही गंमत पडल्यावर उलटते.

बोर्डाचं गणितही वेगळं आहे. ट्विनटिप पाण्यावर सपाट पडतो आणि लाटांबरोबर थोडा-थोडा तुमच्याकडे येत राहतो. फॉइलचा मास्ट, म्हणजे उभी दांडी, ७५-९० सेंटीमीटर पाण्यात, त्याखाली आडवी दांडी, तिला पुढे-मागे पंख. हे सगळं पाणी धरून ठेवतं, त्यामुळे सरळ पडलेला बोर्ड जवळजवळ जागचा हलत नाही. तुम्ही मात्र काइटच्या ओढीने खाली जात असता. त्यातच फॉइलवरून पडण्याची नेहमीची तऱ्हा म्हणजे पंख पाण्याबाहेर येतो, हवा पकडतो, उचल एकदम संपते आणि तुम्ही पुढे फेकले जाता. म्हणजे अंतराची सुरुवात पडण्यातच झालेली असते.

उलटा पडलेला बोर्ड, पंख आकाशाकडे, याच्या बरोबर विरुद्ध वागतो. पाण्यात धरायला काही उरत नाही आणि वर आलेल्या मास्टला वारा लागतो. असा बोर्ड वाऱ्याबरोबर चालायला लागतो. तेव्हा बोर्ड सरळ आहे, आडवा आहे की उलटा, हे पहिल्या नजरेतच टिपा. पुढचा मार्ग त्यावर ठरतो.

पहिली नजर काइटवर

पाण्यात पडताच माणूस बोर्ड शोधतो. हे इतकं स्वाभाविक आहे की ते मोडायला मुद्दाम सराव लागतो. मान वळते, मानेबरोबर खांदा वळतो, खांद्याबरोबर बार (काइट सांभाळायचा हातातला दांडा) ओढला जातो, आणि काइट तुम्ही न पाहता कुठेतरी जातो.

पडता-पडताच बारला ढील द्या. गच्चीवर पतंग उडवलेल्यांना हा शब्द शिकवावा लागत नाही. बार छातीकडे ओढून धरला की मागच्या लाइन ताणल्या जातात, काइटची मागची कड खाली येते, आणि मंद वाऱ्यात तो पुढे उडायचं सोडून मागे-मागे घसरत पाण्यात बसतो. घाबरलेला हात नेहमी बार ओढतो. "काइट खाली येतोय, म्हणून ओढतो" असं सांगणाऱ्यांचा काइट बहुतेक वेळा ओढल्यामुळेच खाली येत असतो.

पण एक प्रसंग याच्या उलट आहे. झोत येतो तेव्हा काइट वेगाने पुढे, वाऱ्याच्या वर झेपावतो. झोत अचानक तुटला तर तो तुमच्या डोक्यावरून पुढे निघून जातो, लाइन सैल पडतात, पुढची नळी दुमडल्यासारखी खाली झुकते आणि काइट गोता खातो. इथे ढील देऊन चालत नाही. काइट पुढे पळताना दिसला की बार क्षणभर ओढून त्याला थोपवा, एका बाजूला वळवा, आणि स्वतः पाय मारत त्याच्यापासून दूर सरका म्हणजे लाइन ताणलेल्या राहतील. ताण परत आला की लगेच ढील.

दोन्हींतला फरक बघूनच कळतो. लाइन ताणलेल्या असून काइट मागे घसरतोय, तर सोडा. लाइन सैल होऊन काइट पुढे पळतोय, तर धरा. बार पाहून यातलं काही समजत नाही, काइट पाहावा लागतो.

आणि मंद वाऱ्यात काइट घड्याळातल्या बाराच्या काट्यावर, म्हणजे बरोबर डोक्यावर, उभा करून ठेवू नका. अकरा ते एकच्या मध्ये त्याला सावकाश, सतत फिरवत ठेवा. मोठे फेरे नकोत, ते तुम्हाला खाली ओढतात. हात थकेपर्यंत करायचं काम नाही हे, बार मधोमध एका हाताने धरून जमतं. दुसरा हात पुढे लागणारच आहे.

बोर्ड दिसत नाही

काइट ताब्यात आल्यावर बोर्ड शोधा. आता तो दिसेलच असं नाही. पाण्याच्या पातळीवरून पांढरा बोर्ड आणि फेस यांत फरक कळत नाही. म्हणून बोर्ड दिसतोय तेव्हाच त्याच्या रेषेतली किनाऱ्यावरची खूण पकडून ठेवा. मच्छीमार जाळ्याची जागा लक्षात ठेवायला दोन खुणा एका ओळीत धरतात, तेच करायचं. मोरजीला दक्षिणेकडे शापोऱ्याचा किल्ला दिसतो आणि किनाऱ्यावर माड, शॅक भरपूर. लांबची एक आणि जवळची एक अशी जोडी मिळाली की वाहत गेलात तरी रेषा सापडते. नवीन बोर्ड घेणार असाल तर खालची बाजू भडक नारिंगी असलेला घ्या. दिसायला कसा आहे याची चिंता दुकानातच संपते.

बॉडीड्रॅग: बोर्डाच्या पुढे जाऊन परत या

वर जाण्यासाठी काइट साधारण साडेदहा किंवा दीडवर स्थिर ठेवा, म्हणजे पाण्यापासून ४५ अंशांच्या आसपास. शरीर कुशीवर, पुढचा हात पाण्यात ताठ रोवलेला, पाय एकत्र. वारा अगदी कमी असेल तर काइट स्थिर न ठेवता त्याच बाजूला वर-खाली हलवत राहा. काही अंतर गेल्यावर दिशा बदला. वळताना काइट बारावरून नेताना थोडं खाली घसरणारच, त्यामुळे सारखं-सारखं वळणं तोट्याचं. लांब पल्ले, कमी वळणं.

खरी चूक शेवटच्या दोन मीटरांत होते. लोक थेट बोर्डाकडे येतात आणि त्याच्या बरोबर खाली पोहोचतात. हात लांबवला की काइट ओढतो, बोर्ड वीतभर राहतो. वर लाट आली तर तीच लाट पंखांसकट बोर्ड तुमच्या तोंडावर आणते. म्हणून बोर्डाच्या पातळीला आलात तरी थांबू नका. आणखी एक पल्ला मारा, बोर्डाच्या वर जा, मग काइट वर घेऊन अलगद खाली त्याच्यावर उतरा. वेळ जास्त लागतोय असं वाटतं, लागत नाही.

उलटा बोर्ड वाहत असेल तर हिशोब बदलतो. तो कधीकधी स्वतःच तुमच्याकडे येत असतो. अशा वेळी धावपळ न करता थोडं बाजूला सरका आणि तो शेजारी आला की पकडा. त्याच्या मार्गात मात्र राहू नका.

लीश (बोर्ड अंगाला जोडणारी दोरी) बांधून हे सगळं वाचवावं असं प्रत्येकाच्या मनात एकदा तरी येतं. काइटफॉइलला बोर्ड-लीश नकोच. काइट तुम्हाला ओढतो, बोर्ड मागे अडतो, लीश ताणते आणि कार्बनचे पंख पाठीमागून झेपावतात. हेल्मेट आणि जाड इम्पॅक्ट जॅकेट यांवर तो पैसा घाला. जॅकेटची तरंगशक्ती शांत वाऱ्यात पोहायला लागलं तर कामाला येते, तेही एक.

बोर्ड सरळ करणं

नाकाकडून धरा. पंख शेपटीकडच्या अर्ध्या भागात, मास्टच्या टोकाला असतात, त्यामुळे नाक हा सर्वांत सुरक्षित भाग. बोर्ड उलटा असेल तर मास्ट जिथे बोर्डाला जोडलाय तिथे, अगदी बुडाशी धरा आणि तुमच्यापासून लांबच्या बाजूला ढकला. दुसऱ्या हाताला बार असतो, म्हणून बोर्डाची कड कोपराने दाबा. एकदा मास्ट कलला की फॉइलचं वजन बाकीचं काम करतं. ते फिरत असताना गुडघे पोटाशी घ्या, पाय खाली लोंबकळत ठेवू नका.

हे सगळं करताना मध्येमध्ये वर काइटकडे बघा. मास्ट धरला, वर बघा. फिरवला, वर बघा. कंटाळवाणं वाटेल, पण बोर्ड हातात आल्याच्या आनंदात काइट पाडणारे अर्ध्याहून जास्त निघतील असा माझा अंदाज आहे.

मग बोर्ड वाऱ्याला आडवा, स्वतः त्याच्या वर, बोर्डाचा माथा तुमच्याकडे आणि फॉइल खाली-पलीकडे. आधी मागचा पाय मास्टच्या वरच्या जागी टेकवा, बोर्ड कडेवर येऊ द्या, पुढचा पाय नंतर.

आता थांबा. पडत्या वाऱ्यात लगेच उठायचा मोह टाळा. वर पाण्याकडे बघा. झोत येतो तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागावर गडद, बारीक सुरकुत्यांचा पट्टा सरकताना दिसतो. तो पोहोचायच्या थोडं आधी काइट फिरवायला घ्या आणि झोताबरोबर उठा. सुरुवात थोडी खालच्या दिशेने, वजन पुढच्या पायावर. मंद वाऱ्यात उठलेला माणूस पुढच्याच झोतात मागच्या पायावर बसतो, फॉइल एकदम उचलतं, पंख बाहेर, आणि वरचा सगळा प्रकार पहिल्यापासून. पहिले काही मीटर बोर्ड मुद्दाम पाण्याला चिकटवून ठेवलेला बरा.

काइट पडलाच तर

पुढच्या नळीवर, तोंड खाली करून पडलेला काइट: एका बाजूची मागची लाइन ओढा, तो एका टोकावर येईपर्यंत. मग तो हळूहळू वाऱ्याच्या खिडकीच्या (काइट उडू शकतो त्या टप्प्याच्या) कडेला सरकतो. इथे घाई केली तर तो परत मध्यभागी येऊन बसतो. कडेला पूर्ण पोहोचू द्या, मग वर घ्या.

वारा मंद असेल तर अडचण ताणाची असते. तुम्ही आणि काइट एकाच वेगाने वाहत असाल तर लाइन सैल राहणार आणि काही घडणार नाही. पाय मारत काइटपासून दूर जात राहा. बोर्ड हाताशी असेल तर हे सोपं होतं, कारण बोर्ड सरळ ठेवून धरला की खालचं फॉइल तुम्हाला वाहू देत नाही आणि लाइन ताणल्या जातात. उलटं उडवण्याचाही मार्ग आहे. दोन्ही मागच्या लाइन एकत्र ओढल्या की काइट मागच्या कडेने वर उठतो, मग एक लाइन सोडून त्याला फिरवायचं. सगळे काइट हे सारख्याच सहजतेने करत नाहीत, म्हणून आपला करतो का ते उथळ पाण्यात आधी करून बघा.

काइट स्वतःच्याच लाइनमधून पडला असेल आणि लाइन त्याला वेढून असतील तर ओढाताण करू नका. झोत आला तर असा काइट गरागरा फिरत तुम्हाला ओढत नेतो. तसं सुरू झालं की बार सोडा, आणि तरी थांबला नाही तर क्विक रिलीज (काइटची ओढ झटक्यात तोडणारी कळ). त्याची सवय हाताला जमिनीवर असताना लावून ठेवावी.

किनाऱ्यावरचा निर्णय

आता सगळ्यांत वादाचं. फॉइलवाले छोट्या काइटचा अभिमान बाळगतात. "१० नॉटमध्ये ९ मीटरवर फिरलो" हे सांगायला बरं वाटतं. ९ चौरस मीटरवर फिरता येतं, खरं आहे. पण फिरताना तुम्हाला १८ नॉट मिळत असतात. पडल्यावर ७ नॉटमध्ये तोच काइट हवेत राहील का, पाण्यातून उठेल का, तुम्हाला बोर्डापर्यंत ओढेल का, हा प्रश्न वेगळा. काइट निवडताना माझ्या मते हाच प्रश्न विचारावा. वारा स्थिर असेल तर छोटा चालेल. कमी-जास्त होत असेल तर आकार वाऱ्याच्या सर्वांत कमी आकड्यावर ठरवावा आणि झोतात बार सोडून ट्रिम (काइटची ओढ कमी करायचा पट्टा) ओढून निभवावं.

नुसता मोठा घेऊनही भागत नाही, वजन बघा. आडव्या नळ्या तीन-पाच असलेला जड काइट मंद वाऱ्यात दगडासारखा खाली येतो. एक आडवी नळी असलेला किंवा अजिबात नसलेला हलका काइट त्याच वाऱ्यात तरंगत राहतो आणि पाण्यातूनही लवकर उठतो.

वारा मुळात पुरेसा नसेल तर मात्र कुठलाच काइट उपयोगाचा नाही. २०२४च्या ऑलिंपिकमध्ये काइटफॉइलच्या शर्यती पहिल्यांदा झाल्या, मार्सेलच्या समुद्रावर, आणि मंद वाऱ्यामुळे त्या पुन्हा पुन्हा थांबवाव्या-पुढे ढकलाव्या लागल्या. जगातले सगळ्यांत तरबेज लोक किनाऱ्यावर बसून होते. मोरजीला पाच-साडेपाचनंतर, वारा विरायला लागलाय हे दिसत असताना "शेवटचा एक फेरा" मारणाऱ्यांनी हे आठवावं. त्या फेऱ्यात पडलात तर वर लिहिलेल्यातलं निम्मं चालत नाही, कारण सगळ्याला थोडा तरी वारा लागतो. सकाळच्या मतलईत तर जाऊच नये. तो किनाऱ्यापासून बाहेर ढकलतो.

वारा गेलाच तर

काइट काही मिनिटांत उठला नाही आणि पाण्यावर झोताची एकही रेषा दिसत नसेल तर उजेड असेपर्यंत स्वतःची सुटका सुरू करा. क्विक रिलीज ओढा, म्हणजे काइट एका पुढच्या लाइनवर मोकळा पडतो. ती लाइन आधी बारला गुंडाळा, बरीचशी, आणि गाठ मारून अडकवा, म्हणजे झोत आला तरी काइट परत ताकद धरणार नाही. मगच बाकीच्या लाइन गुंडाळत काइटपर्यंत जा. लाइन बोटांना किंवा मनगटाला गुंडाळू नका. फुगवलेली नळी तुम्हाला तरंगत ठेवते, आणि थोडाफार वारा असेल तर काइटची दोन टोकं धरून तो शिडासारखा वापरता येतो. बोर्ड जवळ असेल तर घ्या, लांब असेल तर सोडून द्या.

मदत लागली तर दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करा, ही समुद्रावरची सर्वत्र चालणारी खूण आहे. एकच हात हलवला तर किनाऱ्यावरचे लोक टाटा समजून परत हात हलवतात.

बोर्ड सुटला आणि तुम्ही सुखरूप किनाऱ्याला लागलात, तर आधी जीवरक्षकांना आणि शेजारच्या होडीवाल्यांना सांगा. बोर्डावर फोन नंबर पक्क्या शाईने लिहिलेला असावा, मच्छीमारांना बोर्ड सापडला की ते फोन करतात. पण तुम्ही सांगण्याआधीच कुणाला रिकामा बोर्ड वाहताना दिसला तर माणूस बुडाला समजून होड्या बाहेर निघतात, आणि तेव्हा तुम्ही शॅकवर चहा पीत बसलेले असता.